‘चव गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

च्युइंग गम चघळणाऱ्या माणसाला पहिल्या मिनिटाला विचारलं, ‘कसा आहे?’, तर तो म्हणतो, ‘मस्त!’ दहाव्या मिनिटाला विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणतो, ‘चव गेली.’ माणूस तोच, तोंड तेच, गमही तोच. आता या गमला गुण किती द्यायचे?

गम बनवणाऱ्यांचा हा रोजचा प्रश्न आहे. नवा स्वाद बाजारात आणायचा का, एक गोडी काढून दुसरी घातली तर गिऱ्हाइकाच्या लक्षात येईल का, गम थोडा मऊ केला तर लोक खूश होतील की ‘पचपचीत’ म्हणून नाक मुरडतील, या सगळ्याची उत्तरं ‘लोकांना हे किती आवडतं’ या एका आकड्यापाशी येऊन थांबतात. बिस्किटाच्या किंवा सरबताच्या बाबतीत तो आकडा निदान एका घासापुरता, एका घोटापुरता तरी काढता येतो. गमचा घास मात्र संपतच नाही. तो गिळायचा नसतो, विरघळून नाहीसाही होत नाही. चघळणारा कंटाळला की गम संपला. ‘खाऊन झाल्यावर कसं वाटलं?’ हा साधा प्रश्नसुद्धा इथे नीट विचारता येत नाही, कारण ‘खाऊन झालं’ असा क्षणच ठरलेला नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेल्यातलं प्रत्येक शीत जवळपास सारखंच शिजलेलं असतं म्हणून. गमचं प्रत्येक मिनिट वेगळं असतं.

तोंडात काय चालतं

गमचे ढोबळमानाने दोन भाग करता येतात. पहिला म्हणजे कधीच न विरघळणारा, रबरासारखा चिवट पाया. या धंद्यात त्याला ‘गम बेस’ म्हणतात. पूर्वी तो चिकल नावाच्या चिकापासून बनायचा, आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या जंगलातल्या ज्या झाडाला चिरा पाडून हा चीक काढायचे, ते झाड म्हणजे चिकूचं. आता बहुतेक गमांत त्याची जागा पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पॉलिआयसोब्युटिलीन अशा कृत्रिम पॉलिमरनी घेतली आहे. दुसरा भाग म्हणजे या पायात मिसळलेलं बाकीचं सगळं: साखर किंवा तिच्याऐवजी सॉर्बिटॉल, झायलिटॉल, चिमूटभरात भरपूर गोडी देणारे ॲस्पार्टेम, सुक्रालोज यांसारखे पदार्थ, पुदिन्याचं किंवा फळांच्या स्वादाचं तेल, आणि मऊपणा टिकावा म्हणून ग्लिसरीन.

या दुसऱ्या भागातला प्रत्येक घटक आपापल्या वेगाने बाहेर पडतो. साखर पाण्यात सहज विरघळणारी, त्यामुळे लाळ सुटली की ती धावतच निघते. साखरेच्या गममध्ये निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच असतं, म्हणून काही मिनिटांनी तोंडात उरलेला गोळा आकारानेही लहान झालेला असतो. स्वादाची तेलं मात्र पाण्यापेक्षा त्या रबरी पायातच जास्त रमतात. ती हळूहळू, थोडी थोडी सुटत राहतात. लाळेचं गणितही सरळ नाही. पहिल्या मिनिटाभरात ती भराभर सुटते, मग ओसरत जाते. म्हणजे एकाच वेळी तीन-चार वेगवेगळी घड्याळं चालू असतात आणि चघळणाऱ्याला त्या सगळ्यांची मिळून एकच गोष्ट जाणवते. तिला तो म्हणतो ‘चव’.

हा शब्द फार दगाबाज आहे. जिभेला कळणारी गोडी, नाकाला कळणारा स्वाद आणि पेपरमिंटचा तो थंडावा या तीन अगदी निरनिराळ्या वाटांनी मेंदूकडे जाणाऱ्या गोष्टी आहेत. गोडी जिभेवरच्या रुचिकलिका ओळखतात. स्वादाचे कण चघळताना घशामागून वर नाकात चढतात आणि तिथे ओळखले जातात. आणि थंडावा? तो खरा गारवा नसतोच. तोंडाचं तापमान होतं तेवढंच असतं. पेपरमिंटमधलं मेंथॉल फक्त थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंवरचं कुलूप उघडतं. टीआरपीएम-8 नावाचं हे प्रथिनाचं कुलूप 2002 साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांच्या दोन स्वतंत्र गटांनी शोधलं. पुढे 2021 मध्ये तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात यावरच्या कामासाठी या दोघांना नोबेल मिळालं.

पडताळून पाहायचं असेल तर पेपरमिंटचा गम तोंडात टाकण्याआधी नाक चिमटीत घट्ट धरा. गोडी कळेल, जिभेवर गारवाही कळेल, पण पुदिना सापडणार नाही. नाक सोडलं की तो एकदम हजर होतो.

नॉटिंगहॅमचा प्रयोग

आता मूळ मुद्दा. दहाव्या मिनिटाला माणूस ‘चव गेली’ म्हणतो, तेव्हा या तिघांपैकी कोण गेलेलं असतं?

सरळ विचार केला तर पुदिना संपला असणार. लोकांनाही तेच वाटतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात अँडी टेलर, रॉब लिनफोर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहायचं ठरवलं. त्यांच्याकडे एक खास यंत्र होतं. माणूस चघळत असताना त्याच्या नाकातून बाहेर पडणारा श्वास हे यंत्र ओढून घेतं आणि त्यात स्वादाचे किती रेणू आहेत हे श्वासागणिक मोजतं. चघळणाऱ्यांच्या जिभेवरची साखर किती आहे हेही ते थोड्या थोड्या वेळाने पुसून घेऊन तपासत होते. आणि तिसरीकडे तीच माणसं ‘आत्ता पुदिना किती तीव्र लागतोय’ याचे गुण देत होती. नाकातला पुदिना, जिभेवरची साखर आणि माणसाचं म्हणणं असे तीन आलेख एकाच घड्याळावर मिळाले.

1999 साली प्रसिद्ध झालेला निकाल मजेशीर आहे. लोकांच्या मते पुदिना पहिल्या काही मिनिटांतच झपाट्याने उतरला होता. नाकातल्या श्वासात मात्र पुदिन्याचे रेणू तेवढे घटलेच नव्हते; शिखरावरून थोडेसे उतरून बऱ्यापैकी टिकून होते. घसरली होती ती साखर. माणसांनी पुदिन्याला दिलेल्या गुणांचा आलेख पुदिन्याच्या रेणूंशी जुळण्याऐवजी साखरेच्या आलेखाशी जुळत होता.

म्हणजे साखर गेली आणि लोक म्हणाले, पुदिना गेला.

यात लोक खोटं बोलत नव्हते. गोडी आणि स्वाद मेंदूत एकत्र गुंफले जातात. गोडीचा आधार सुटला की नाकापर्यंत पोचणारा तोच वास फिका वाटू लागतो. नाकाला एखाद्या वासाची सवय होऊन तो कळेनासा होतो, तसाही काही भाग यात असू शकतो, पण नुसत्या सवयीने हा खेळ उलगडत नाही. गम पार बेचव होईपर्यंत चघळा आणि मग चिमूटभर साखर तोंडात टाका. पुदिना परत येतो. साखरेत पुदिना नव्हता. तो त्या चोथ्यातच बसलेला होता.

मला हा प्रयोग आवडतो तो त्याच्या व्यवहारी परिणामामुळे. समजा कारखान्याने गिऱ्हाइकांना विचारलं, ‘गममध्ये काय कमी वाटतं?’ सगळे एकमुखाने म्हणाले, ‘पुदिना टिकत नाही.’ कारखान्याने पुदिन्याचं तेल वाढवलं. पण मेंथॉल प्रमाणाबाहेर गेलं की कडवट लागतं आणि झोंबतंही. पहिलं मिनिट बिघडलं आणि दहावं होतं तिथेच राहिलं. खरं औषध वेगळंच होतं: गोडी उशिरापर्यंत सुटत राहील अशी सोय करणं. म्हणूनच अनेक गमांत तीव्र गोडीच्या पदार्थांच्या कणांवर पातळ आवरण चढवतात, म्हणजे ते एकदम न विरघळता सावकाश विरघळतात.

यातून आवड मोजण्याच्या शास्त्रातला एक जुना दंडक स्पष्ट होतो. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ‘किती आवडलं’ एवढंच विचारावं. त्याबाबत त्याच्याइतका जाणकार कुणी नाही. ‘का आवडलं’ याचं त्याने दिलेलं कारण मात्र जपून वापरावं. कारण शोधायला वेगळी माणसं लागतात.

जिभेचे कारकून

ती वेगळी माणसं म्हणजे प्रशिक्षित चवपरीक्षकांचं पॅनेल. आधी त्यांची जीभ-नाक तपासतात, मग कित्येक तास तालीम होते. ‘गोडी 3’ म्हणजे किती आणि ‘गोडी 7’ म्हणजे किती, हे ठरावीक नमुने चाखवून त्यांच्या अंगवळणी पाडतात. त्यांना आवड-निवड विचारायची नाही हा नियम. तालमीने त्यांची जीभ इतकी चिकित्सक झालेली असते की ती चार लोकांची जीभ राहत नाही. त्यांच्याकडून फक्त नोंद हवी: काय आहे, किती आहे, केव्हा आहे.

गमसाठी त्यातलं ‘केव्हा’ सगळ्यात मोलाचं. म्हणून परीक्षक चघळता चघळता एका पट्टीवर खूण वरखाली सरकवत राहतो आणि गोडीच्या चढ-उताराचा आलेख आपोआप काढला जातो. या पद्धतीला काळ-तीव्रता पद्धत म्हणता येईल. संगणक येण्यापूर्वी त्यासाठी कागदाची गुंडाळी ठरावीक वेगाने पुढे सरकत असे आणि परीक्षक पेन हलवत असे. यात एक गंमत वारंवार दिसते. प्रत्येक परीक्षकाच्या आलेखाचा आकार त्याच्या सहीसारखा असतो. एकाचा डोंगर उभा कड्यासारखा, दुसऱ्याचा पठारासारखा, आणि नमुना बदलला तरी ज्याची त्याची ढब कायम. त्यामुळे सगळ्यांचे आलेख एकावर एक ठेवून सरळ सरासरी काढली, तर हाती येतो तो कुणाचाच नसलेला एक गुळमुळीत डोंगर.

दुसरी अडचण रकान्यांची आहे. परीक्षकाला फक्त गोडीचा रकाना दिला आणि गममध्ये स्ट्रॉबेरीचा वास असेल, तर तो वासाचे गुणही गोडीतच टाकून मोकळा होतो. टाकणार कुठे? फळाच्या वासासाठी दुसरा रकाना दिला की गोडीचे गुण खाली येतात. नमुना तोच, फक्त प्रश्नपत्रिका बदलली. नॉटिंगहॅमच्या प्रयोगासारखीच ही गोष्ट: गोडी आणि वास एकमेकांच्या खात्यावर खर्च टाकत असतात.

एक वेगळीच पद्धत फ्रान्समधल्या दिजाँच्या संशोधकांनी पुढे आणली आणि 2009 साली तिची सविस्तर मांडणी प्रसिद्ध झाली. ‘किती’ हा प्रश्नच तिने बाजूला ठेवला. पडद्यावर ‘गोड’, ‘पुदिना’, ‘थंड’, ‘कडू’, ‘मऊ’, ‘चिवट’ असे शब्द असतात आणि या क्षणी सगळ्यात जास्त लक्ष कशाने वेधलं, तो शब्द दाबायचा. दुसऱ्या कशाने लक्ष वेधलं की तो दाबायचा. मग पहिल्या मिनिटावर गोडीचं राज्य, मग थंडाव्याचं, मग हळूहळू ‘चिवट’ची सत्ता, असा गमचा इतिहासच समोर येतो. गमसारख्या लांबलचक पदार्थाला मला ही पद्धत सगळ्यात शोभून दिसते.

नऊ पायऱ्या

आता खऱ्या गिऱ्हाइकाकडे येऊ. त्याला आवड विचारण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी सैनिकांच्या जेवणातून आली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराला प्रश्न होता, सैनिक कोणता पदार्थ आवडीने खातील आणि कोणता पानात टाकतील. शिकागोतल्या लष्कराच्या अन्नसंशोधन संस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ पायऱ्यांची पट्टी बनवली. सगळ्यात वर ‘अतिशय आवडलं’, मग ‘खूप आवडलं’, असं उतरत मधोमध ‘ना आवडलं ना नावडलं’, आणि पार तळाला ‘अजिबात, मुळीच आवडलं नाही’. 1950 च्या दशकात तिच्यावरचे लेख प्रसिद्ध झाले. आज या पट्टीवरचा ‘सात’ म्हणजे काय, हे कुठल्याही देशातल्या अन्नतंत्रज्ञाला कळतं.

पट्टी सोपी आहे, पण पायऱ्यांची उंची सारखी नाही. ‘थोडं आवडलं’पासून ‘बऱ्यापैकी आवडलं’पर्यंत जायला माणूस मागेपुढे पाहत नाही, ‘खूप’वरून ‘अतिशय’वर चढताना मात्र कचरतो. पुढचा नमुना आणखी चांगला निघाला तर, म्हणून शेवटची पायरी राखून ठेवतो. त्यामुळे नऊची पट्टी प्रत्यक्षात सात-आठ पायऱ्यांचीच उरते. यावर उपाय म्हणून हॉवर्ड शुट्झ आणि आर्मंड कार्डेलो यांनी 2001 साली एक लांब रेघ सुचवली. तिच्यावर शब्द समान अंतरावर मांडलेले नाहीत. लोकांना त्या शब्दांतलं अंतर जेवढं वाटतं तेवढ्या अंतरावर ते बसवले आहेत.

शब्दांचा आणखी एक घोळ भाषांतरात होतो. ही पट्टी मराठीत आणताना ‘बरं’ हा शब्द कुठे ठेवायचा? ‘बरं आहे’ हे वाक्य कौतुक असू शकतं आणि सभ्य नकारही. ठरतं ते सुरावर, आणि कागदाला सूर नसतो. ‘ठीक’चंही तसंच. शिवाय समोर पाटी-पेन घेऊन बसलेल्या हसतमुख मुलीला ‘नाही आवडलं’ म्हणणं कित्येकांच्या जिवावर येतं आणि ते भिडेखातर ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. म्हणून विचारणारा माणूस दूर ठेवून उत्तरं पडद्यावर घेतली, तर जरा जास्त खरी मिळतात.

आणि मग येते सरासरी, जिच्यावर मी कधीच एकटीवर विश्वास ठेवणार नाही. समजा, दालचिनीचा गम शंभर जणांनी चघळला. पन्नास जणांनी आठ गुण दिले, पन्नास जणांनी दोन. सरासरी पाच. दुसरा एक गुळचट गम शंभर जणांनी चघळला आणि सगळ्यांनी पाच दिले. सरासरी पाच. कागदावर दोन्ही सारखे. प्रत्यक्षात पहिल्या गमला पन्नास हक्काची गिऱ्हाइकं आहेत, दुसऱ्याला एकही नाही. म्हणून आकडे आले की आधी त्यांचा पसारा बघायचा: एकच ढीग आहे की दोन? दोन असतील तर लोकांचे गट पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशोब करायचा.

‘गोडी कमी, नेमकी की जास्त?’ असा प्रश्नही अनेकदा सोबत जोडतात. ‘कमी’ म्हणणाऱ्यांनी एकूण आवडीचे गुण ‘नेमकी’ म्हणणाऱ्यांपेक्षा किती कमी दिले, यावरून त्या उणिवेची किंमत निघते. ‘कमी’वाले पाचात एकापेक्षा कमी असतील तर सहसा त्याकडे दुर्लक्ष करतात. हिशोब उपयोगी आहे, पण पुदिन्याचा धडा इथेही लागू. ‘पुदिना कमी’ या तक्रारीचा अर्थ ‘गोडी लवकर संपली’ असाही निघू शकतो.

चाचणीच्या खोलीत

नमुन्यांना नावं देत नाहीत, तीन आकडी कुठलेही क्रमांक देतात. ‘अ’ आणि ‘ब’ म्हटलं की ‘अ’ वरचढ वाटतो. वेष्टन काढून टाकतात, कारण ओळखीचं वेष्टन दिसलं की ‘आपला तो बाब्या’ सुरू होतं. रंगाने फसगत होऊ नये म्हणून कधी खोलीत लाल दिवा लावतात. प्रत्येकाला नमुने वेगळ्या क्रमाने देतात, कारण पहिल्या नमुन्याला बरेचदा उगाच थोडे जास्त गुण पडतात. हे सगळं बिस्किटांच्या चाचणीतही असतं.

गमचा खास त्रास पुढे आहे. थंडावा तोंडातून लवकर जात नाही. पाण्याने चूळ भरली की उलट जास्तच गार वाटतं. पेपरमिंटनंतर लगेच फळाचा गम दिला तर त्या बिचाऱ्याच्या माथी पुदिन्याचं भूत बसतं. शिवाय दहा मिनिटांचे चार नमुने म्हणजे चाळीस मिनिटं जबडा चालणार, आणि थकलेला जबडा शेवटच्या नमुन्याला ‘चिवट’ ठरवणार. म्हणून एका बैठकीत दोन-तीनच नमुने आणि मध्ये भरपूर विश्रांती, किंवा प्रत्येक नमुना वेगळ्या दिवशी. याहून बरं म्हणजे लोकांना पाकीट घरी देणं: जेव्हा एरवी चघळता तेव्हाच चघळा आणि सांगा. यात शिस्त सुटते, काही जण उत्तरं शेवटच्या दिवशी एकदम भरतात हे उघड गुपित आहे, पण गम जिथे प्रत्यक्षात चघळला जातो तिथली आवड तरी हाती येते.

कारण गम चघळायचं निमित्त दर वेळी चव हेच नसतं. कुणाला तोंडाचा वास घालवायचा असतो, कुणाला जागं राहायचं असतं, कुणाला दुसरं व्यसन सोडायचं असतं. फुग्याच्या गममध्ये तर फुगा हाच अर्धा आनंद. 1928 साली फिलाडेल्फियातल्या फ्लीर कंपनीत हिशोबनीस असलेल्या वॉल्टर डायमरने फावल्या वेळात नीट फुगणारा आणि तोंडाला न चिकटणारा गम जमवला. त्या गमची आवड मोजताना गोडीचा आलेख काढून काय हाती लागणार? फुगा किती मोठा होतो आणि फुटल्यावर गालावरून सहज निघतो का, हे विचारायला हवं. निकोटिनच्या गमची तऱ्हा आणखी वेगळी. तो तंबाखू सोडण्यासाठीचं औषध आहे. नावडला तर माणूस उपचार अर्धवट टाकणार, फारच आवडला तर तोच सुटणार नाही. तिथे नऊपैकी नऊ गुण ही चिंतेची बाब.

चेहरा, मेंदू आणि घड्याळ

लोकांना विचारण्याची एवढी कटकट, तर त्यांचा चेहराच का वाचू नये? हसताना गालाचा एक स्नायू ओढला जातो, कपाळाला आठ्या पडताना भुवईजवळचा दुसरा. त्यांच्यातली विजेची सूक्ष्म हालचाल मोजता येते, कॅमेऱ्याने चेहऱ्यावरचे भाव टिपणारी सॉफ्टवेअरही आहेत. मेंदूच्या लहरी नोंदणाऱ्या टोप्या आहेत. पण गमच्या बाबतीत इथे एक साधीच अडचण उभी राहते: माणूस चघळतोय! त्याचा चेहरा आधीच सेकंदाला एकदा हलतोय. चघळण्याचा एक मोठा स्नायू थेट कानशिलावर, म्हणजे मेंदूलहरींच्या टोपीच्या बरोबर खाली असतो, आणि त्याच्या विजेपुढे मेंदूची क्षीण वीज बुडून जाते. चघळणं मध्येच थांबवून मोजता येतं, पण मग मोजलं ते चघळण्याचं सुख राहिलं का? या यंत्रांनी भारावून जाण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन.

त्यापेक्षा बिनखर्चाची एक युक्ती आहे. काही विचारू नका, घड्याळ लावा. माणूस गम कधी टाकतो ते लिहून ठेवा आणि समोरच्या डबीतून दुसरा उचलतो का तेही. सोबत तीस सेकंदांनी, तीन मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी एक घंटी वाजवून फक्त एक आकडा विचारा. सतत विचारत राहिलं तर मजाच मरते. तीन वेळा चालून जातं. आता समजा, एका गमला तिसाव्या सेकंदाला आठ मिळाले आणि दहाव्या मिनिटाला तीन. दुसऱ्याला दोन्ही वेळा सहा. जास्त आवडता कोणता? हे आकडेशास्त्र सांगणार नाही. एक गम तोंडात टाकून लगेच सुखावणाऱ्यासाठी आहे, दुसरा लांबच्या प्रवासासाठी, आणि आपण कोणासाठी बनवतोय हे बनवणाऱ्याने चाचणीआधीच ठरवायचं असतं.

घड्याळाचाही एक दोष आहे. किती वेळ चघळलं यावरून किती आवडलं हे सिद्ध होत नाही. डेन्मार्कमधल्या लोलँड बेटावर भूर्ज वृक्षाच्या सालीपासून बनवलेल्या डांबरासारख्या पदार्थाचा एक चघळलेला तुकडा सापडला, सुमारे 5,700 वर्षांपूर्वीचा. 2019 साली संशोधकांनी त्यातून तो चघळणाऱ्या स्त्रीचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला आणि तिने बदक व हेझलनट खाल्लं असावं इथपर्यंत माग काढला. पण तो तुकडा ती आवडीने चघळत होती, दात दुखत होता म्हणून, की हत्यार चिकटवण्यासाठी मऊ करत होती, हे दातांच्या खुणांतून निघत नाही. आजचा माणूसही कितीदा तरी नुसत्या सवयीने चोथा चघळत बसतो.

म्हणून घड्याळासोबत आणखी एक रकाना ठेवावा: गम टाकला त्या क्षणी, ‘आत्ता का टाकलात?’ ‘चव गेली’ हे उत्तर येणारच. पण ‘जबडा दुखला’, ‘बोलायचं होतं’, ‘फोन आला’ हीसुद्धा येतील. फोन आला म्हणून टाकलेल्या गमचे गुण कापायचे नसतात.